पदराखालचं आधारकार्ड

एका संस्थेला दिलेली माझ्या आधारची झेरॉक्स मिरची भज्यांचा पुडा होऊन माझ्याच हातात आली होती. तो राग अजून गेलेला नाही. त्यामुळे नवनगरच्या दवाखान्यात अक्काच्या तपासणीआधी काउंटरवरच्या मुलीने झेरॉक्स मागितली, तेव्हा माझा आवाज चढला.

"कशाला? पुडे बांधायला?"

"नियम आहे, अण्णा. त्याशिवाय तपासणी नाही."

मी उठून निघणारच होतो. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, माझा हात दाबला. बैलबाजारात आम्ही रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही. अक्काने तसाच पदर पुढे ओढला आणि त्याच्या आडोशाला कार्ड त्या मुलीसमोर धरलं.

"नीट बघ गं. मीच ना ही?"

"तुम्हीच की, अक्का."

"झाली ना खात्री? मग ठेवून घेऊन काय करणार?"

मुलगी घुटमळली, मग हसली. "बरं, जावा आत."

सगळी हयात सौदे करण्यात गेली, पण आवाज न चढवता काही राखता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. अक्का कार्ड कनवटीला खोचून आत गेली. मी थक्क होऊन तिच्या पाठीकडे बघत राहिलो.