थाळ्यांचे पट्टे

"महेश, ते पट्टे बदलून टाक," सर म्हणाले.

मी तिथेच उभी होते. हातात पोछा. महेश भिया वाद्यवृंदात मोठा ढोल वाजवतात. त्यांनी वाजवायच्या थाळ्या उचलून पाहिल्या. म्हणाले, "क्यों सर? चमड़ा तो बढ़िया है."

"बदल म्हटलं ना. नायलॉनचे लाव."

थाळीला हात लावण्याआधी सरांनी खिशातून रुमाल काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. शिवी नाही, आरडाओरडा नाही. रुमाल, बस.

झालं होतं ते असं. इंदूरच्या नव्या भागात एक संगीत शाळा आहे. तिथे मी झाडू-पोछा करायची. माझं वय सदुसष्ट, शिक्षण चौथी. सर पुण्याहून आलेले. चाळीस माणसांचा वाद्यवृंद बसवत होते. मागच्या रांगेत दोन जड काशाच्या थाळ्या. पट्ट्यांनी धरायच्या आणि एकमेकींवर मारायच्या. अख्ख्या रचनेत चारदा. त्या वाजवायच्या मॅडम, राजवाड्याजवळच्या एका बड्या साडीवाल्याची सून. स्वभावाने बरी बाई. पण तिने मारलं की आवाज यायचा 'थप्'. रोज थप्. मागे माणसं तोंड दाबून हसायची.

का थप्, ते मला दारातून दिसत होतं. दोन्ही थाळ्या अगदी सरळ समोरासमोर आणल्या की मध्ये हवा अडकते. आवाज आतच मरतो. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये झांज वाजवायचे. पोरीला बँडमध्ये कोण घेणार? पण झांजेचे पट्टे मी बांधायची. चामड्याचं काम आमच्या घरचंच. दुपारी अंगणात वडील माझ्या हातात झांज द्यायचे. "खालची कड आधी लागू दे. केसभर आधी. मग बाकीची." हे मी दहाव्या वर्षी शिकले.

वडिलांचा बँड फाटकापर्यंत वाजायचा. वरात आत गेली की हे बाहेर. सगळे जेवून उठले की पत्रावळी फाटकाबाहेर यायच्या. वडिलांनी जन्मभर लग्नं वाजवली. मांडव आतून कधी पाहिला नाही.

तर त्या दिवशी चहाची सुट्टी होती. हॉल रिकामा. मी थाळ्या पुसायला घेतल्या आणि राहवलं नाही. एकदाच मारली. खिडक्यांच्या काचा वाजल्या. सगळे कप घेऊन पळत आले.

"अरे वाह अम्मा!" मॅडम म्हणाल्या.

सरांनी विचारलं, "मावशी, आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. मग ते पट्ट्यांचं बोलले.

मावशीही म्हणायचं आणि पट्टेही बदलायचे. संध्याकाळी सुक्या कचऱ्याच्या डब्यात ते पट्टे मिळाले. कचरा काढणारी मीच, दुसरं कोण? पिशवीत घातले, घरी आणले, तेल लावून ठेवले. का, ते तेव्हा माहीत नव्हतं.

आठ दिवसांत नायलॉनची गाठ सरकली. ऐन तालमीत एक थाळी सुटली आणि घरंगळत व्हायोलिनवाल्यांच्या पायात गेली. महेश भिया म्हणाले, "सर, ये गठान अम्मा ही बाँधेगी."

सर माझ्यापाशी आले. "मावशी, जमेल का?"

मी दुसऱ्या दिवशी तेच पट्टे नेले. सरांनी ओळखले. थाळ्या माझ्यापुढे सरकवल्या. कार्यक्रम तोंडावर आला की विटाळ लांब जातो. थाळीच्या भोकातून चामडं आत घेऊन चार पदरी चपटी गाठ मी मारली. हत्तीने ओढली तरी सुटणार नाही.

गाठ झाली, पण मॅडमची थप् काही जाईना.

तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. कार्यक्रमाचा हॉल मॅडमच्या सासऱ्यांनी दिला होता, त्यामुळे मॅडम समोर दिसायला हव्यात. मी पडद्यामागे वाजवायचं. मॅडमच्या हातात पत्र्याच्या सोनेरी थाळ्या. त्या नुसते हात हलवतील.

"कळणार कोणाला?" सर म्हणाले.

मी हो म्हटलं. चूक माझी. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला वाटलं, वडील फाटकाबाहेर राहिले, मी निदान आत तरी जाईन.

सकाळी सहाला मी शाळा उघडायची. झाडू मारायच्या आधी सर मला शिकवायचे. लांब उभे राहून, पण शिकवायला माणूस चोख. झांजेचा हात वेगळा, या थाळ्यांचा वेगळा, हे त्यांनीच दाखवलं. पट्ट्यात पंजा घालायचा नाही, पट्टा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा. डावी थाळी स्थिर. उजवी तिच्या वजनाने पडू द्यायची, आपण ढकलायची नाही. मारल्यावर लगेच उघडायच्या, नाहीतर कडा एकमेकींवर खडखडतात. आवाज थांबवायचा तर दोन्ही थाळ्या छातीला लावायच्या, एका दमात. पहिले चार दिवस माझे खांदे उचलवत नव्हते. छातीवर काळे-निळे डाग.

जोरात मारणं सोपं. पहिला ठोका हळू होता, तो येईना. थाळ्या बोटभर अंतरावर धरायच्या, हात थरथरू द्यायचा नाही, आणि नुसतं एकमेकींना भेटवायचं. मी मारला की एक तर थप्, नाही तर काहीच नाही. घरी छतावर वडिलांची जुनी झांज घेऊन बसायची. शेजारचा रिक्षावाला खालून ओरडायचा, "ओ अम्मा, किसकी बारात है?"

"तेरी तेरहवीं की तैयारी है!" मी वरून ओरडायची. तो हसायचा, मी परत मारायची. झोपेतही बोटांची चिमटी वळलेली असायची. भाकरी थापताना तवा दिसायचा नाही, कड दिसायची.

दुसरी अडचण मोजण्याची. पहिल्या ठोक्याआधी छप्पन्न मात्रांचं थांबणं. नोटेशनचा कागद मला वाचता येत नाही, हात अडकलेले. मी पायाची बोटं धरली. एका बोटाला आठ. सात बोटं झाली की ठोका. चप्पल काढूनच उभी राहायची.

बाराव्या की तेराव्या दिवशी तो हळू ठोका आला. दुधावर साय हलावी तसा. सर बोलता बोलता थांबले. "वा," म्हणाले. खरं सांगते, मला आवडलं. रुमाल मी विसरले होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी फाटकावरच्या माणसाने मला अडवलं. "अम्मा, स्टाफ पीछे से." मागे गेले. जनरेटर, खुर्च्यांचा ढीग, एक छोटं दार. पडद्यामागे अंधार. पडद्याला बोटभर फट, तिच्यातून सरांचा हात दिसायचा.

मॅडम आत डोकावल्या. नवी पैठणी. "अम्मा, आखिरी वाला ज़रा जोर से मारना हाँ. उसी टाइम मेरी फोटो लेंगे."

ती वाईट मनाने नाही बोलली. म्हणूनच लागलं. तिला यात काही वावगं दिसतच नव्हतं.

वाजायला लागलं. मी थाळ्या उचलल्या. अंगठा, दुसरं बोट, तिसरं. वडील फाटकाबाहेर होते, पण झांज त्यांच्या हातात होती. वाजवणारा कोण, ते रस्त्याला दिसायचं. माझं तर तेही नाही. फाटकाच्या आत येऊन मी त्यांच्यापेक्षा मागे गेले होते. चौथं बोट. पाचवं. हात जागेवर, थाळ्या बोटभर अंतरावर, अगदी जशा पाहिजेत तशा. सहावं. सातवं.

सरांचा हात आला. समोर पत्र्याच्या थाळ्या हलल्या.

मी मारलं नाही.

तिथे नुसतं भोक पडलं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. सरांचा हात क्षणभर हवेत राहिला, मग पुढे गेला. मी खाली बसले, थाळ्या मांडीवर घेतल्या आणि गाठी सोडायला लागले. चार पदरी गाठ सुटायला वेळ लागतो. पुढचे दोन ठोकेही तसेच गेले. शेवटचा महेश भियांनी ढोलावर काढला.

टाळ्या संपल्यावर सर आत आले. चेहरा पांढरा.

"काय केलंस हे?"

त्या दिवसापासून मावशी संपली.

"पट्टे बदला म्हणाला होतात," मी म्हटलं. "बदला आता."

थाळ्या नागड्या जमिनीवर ठेवल्या. पट्टे पिशवीत घातले. मागच्या दाराने आले होते, पण समोरून गेले, लोकांमधून, अनवाणी. चप्पल पडद्यामागेच राहिली.

काम गेलं. आता दोन घरी भांडी करते. रोज सकाळी छतावर हात चालूच आहे. हळू ठोका दहातून आठ वेळा येतो. दहाही येतील.

महेश भिया परवा निरोप घेऊन आले. दुसऱ्या एका वाद्यवृंदाला थाळीवाला पाहिजे. मी त्यांना एकच विचारलं, "उभं कुठे करणार?"

"पूछ के बताता हूँ, अम्मा."

विचारून या म्हटलं. समोर उभं केलं तर येईन. पडदा दाखवला तर पट्टे पिशवीतून निघणार नाहीत.