सात नंबरच्या खोलीचा अर्ज

सत्तावन्नच्या निवडणुकीनंतर डोंबिवलीच्या आमच्या चाळीत तीन आठवडे वाटीची देवाणघेवाण बंद होती. बारा खोल्या. त्यांतल्या सहा संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूच्या आणि पाच 'दिल्ली देईल ते घ्यावं' म्हणणाऱ्या. माझे वडील सहांतले, शेजारचे पोस्टातले काका पाचांतले. मतदानाआधी दोघे एकच वर्तमानपत्र वाटून वाचायचे. नंतर वडिलांनी स्वतंत्र पेपर लावला आणि तो इतक्या मोठ्याने वाचायला लागले, की काकांना वेगळा घ्यायची गरजच पडली नाही.

बारावी खोली, सात नंबरची, सिंधी बिऱ्हाडाची होती. नवरा, बायको आणि म्हातारी सासू. फाळणीनंतर कल्याणजवळच्या कॅम्पात बराकीत बरीच वर्षं काढून ती आमच्याकडे आली होती. नवऱ्याचं कल्याणला कापडाचं दुकान होतं. बायकोला सगळे भाभी म्हणत. तिच्याकडे कोणीही गेलं की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे यायचा. तो त्यांचा रिवाज होता, पण चाळीला वाटलं, माल खपवायला नमुना देतात. पोस्टातल्या काकूंनी पहिल्याच दिवशी पापड खाऊन 'आत्ता नको, पुढच्या महिन्यात बघू' असं सांगून टाकलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सकाळच्या शाळेत पहिलीला शिकवायची. भाभीने मला एक दिवस विचारलं, मराठी अक्षरं शिकवशील का. दुकानाच्या पाट्या, रेशनचा कागद, काहीच वाचता येत नाही म्हणाली. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण मी गुरू म्हणून मला 'अदी' म्हणजे ताई म्हणायची. तिची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. त्यामुळे पहिल्या दिवशी तिने वही मागच्या बाजूने उघडली आणि मी ती उलटी करून दिली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मागूनच उघडली. मी जरा जास्तच हसले असेन, कारण तिने मला मग तिची अक्षरं काढायला लावली. माझी तारांबळ बघून तिची सासूसुद्धा हसली.

रोज दुपारी मागच्या पायरीवर आमची शिकवणी चाले. दोनेक महिन्यांत तिने माझ्यापुढे पापड ठेवणं बंद केलं. मीच आत जाऊन डब्यातून घ्यायची. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

तर निवडणूक झाली. वडिलांच्या मते कॅम्पातल्या लोकांनी गठ्ठ्याने दुसऱ्या बाजूला मतं टाकली, म्हणून मुंबई आपल्याला मिळत नव्हती. काकांच्या मते तोच गठ्ठा वडिलांच्या बाजूला पडला, म्हणून काकांचा माणूस आपटला. एकच गठ्ठा दोन्ही पेट्यांत कसा गेला, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. सात नंबरवाल्यांनी कोणाला मत दिलं हेही कोणी विचारलं नाही. पण हे बाहेरचे लोक आले म्हणून सगळं बिघडलं, यावर मात्र चाळीचं एकमत झालं आणि वाट्या पुन्हा फिरू लागल्या. चाळमालकाला अर्ज करून सात नंबर खाली करून घ्यायची, असं ठरलं.

अर्ज लिहायला माझं अक्षर. वडिलांनी मजकूर सांगितला, काकांनी त्यात भर घातली. मी एकदा 'पण' म्हटलं. वडिलांनी वर बघितलं, आणि मी टाक शाईत बुडवला. मोठ्याने बोलतात, तळणाचा वास येतो, पाहुणे फार येतात. शेवटी काकांनी सांगितलेलं वाक्य, 'त्यांना आपली भाषा येत नाही व ती शिकण्याची इच्छाही नाही.' तेही मी लिहिलं, वळणदार. भाषेत एक-दोन सुधारणासुद्धा सुचवल्या. आज त्या सुधारणांचीच मला जास्त लाज वाटते.

चाळमालक जवळच्याच गावातला जुना आगरी शेतकरी. वडिलांनी अर्ज रविवारी त्याच्या घरी पोचवला. तो दोन दिवसांनी भर दुपारी कागद घेऊन चाळीच्या अंगणात आला. पुरुष सगळे कचेरीत. बायका ओट्यावर, आणि भाभी खाटेवर पापड वाळत घालत होती.

"मना वाचाया येत नाय," तो म्हणाला. "मास्तरीण बाय, तू वाच."

मी डोळे आलेत म्हणून सांगितलं. काकूंनी चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं, तो त्यांच्या कपाळावर होता. बाकीच्या एकदम कामाला लागल्या.

भाभीने हात पदराला पुसले. "अदी, मी वाचू?" तिने विचारलं. मला खूश करायचं होतं तिला, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी पुढे होऊन कागद ओढून घ्यायला हवा होता. मी जागेवरच उभी राहिले.

तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. 'आम्ही खाली सह्या करणारे' पर्यंत छान गेलं. 'सात नंबरचे बिऱ्हाड' आलं तेव्हा बोट थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. ज्या अक्षरावरून ती शिकली, तेच माझं अक्षर होतं. मग तिने तसंच, एकेक शब्द जोडत, सगळं वाचलं. भाषेचं वाक्यसुद्धा. एकही जोडाक्षर चुकलं नाही. खालच्या अकरा सह्याही वाचल्या आणि कागद परत दिला.

मालकाने तो उलटून पाहिला. "बोली येत नाय लिवलंय, नि वाचला तर हिनंच," तो म्हणाला. "मंग यो कागद खोटा हाय." त्याने कागदाची घडी करून काकूंच्या हातात दिली आणि आमच्या चाळीच्या जागी पूर्वी त्याचं वरीचं शेत होतं, तेव्हा इथे कोणाचाच वास येत नव्हता, असं सांगून तो निघून गेला.

सात नंबर राहिला. वडील आणि काका पुन्हा एकमेकांशी बोलेनासे झाले, यावेळी अर्ज कोणाच्या डोक्यातून निघाला यावरून.

भाभी मात्र दुपारी पायरीवर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्या दाराशी गेले. तिने 'या' म्हटलं, सतरंजी टाकली, आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती. बाहेरून आलेल्या माणसापुढे ठेवतात तसा तिने भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला.

मी तो तिथे बसून सगळा खाल्ला.