उन्हाचा क्रेट

वाचनालयात सुमनवहिनींनी पुस्तक दोन बोटांत धरलं. कोपऱ्याला. ओला फडका धरावा तसं. टेबलाखालचा निळा क्रेट पायाने पुढे ओढला आणि पुस्तक त्यात टाकलं.

ठेवलं नाही. टाकलं.

पुस्तक माझ्या भाचीने परत केलं होतं. आरोही, धाकट्या भावाची मुलगी, चौथी संपवून पाचवीत जाणारी. तिच्या मागे रांगेत वहिनींचा नातू होता. त्याच्या पुस्तकावर आंब्याच्या रसाचा डाग, अजून चिकट. ते वहिनींनी पदराने पुसलं आणि थेट कपाटात लावलं.

आरोहीने क्रेटकडे पाहिलं. कपाटाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "आत्या, माझ्या पुस्तकाला काय झालं?"

उत्तर वहिनींनी दिलं. गोड आवाजात. "काही नाही गं बाळा. तुमच्याकडं घरं दमट असतात ना. उद्या ऊन दाखवू, मग कपाटात."

मे महिना होता. जामखेडकडचा मे महिना. आमच्या वस्तीत पाण्याचा टँकर येतो तेव्हा बाया हंडे घेऊन धावतात. दुपारी घराच्या भिंतीला पाठ टेकवत नाही कुणी, चटका बसतो. आणि दमट.

मी काउंटरच्या आत उभी होते. पुढच्या मुलाचं कार्ड हातात घेतलं.

मी तिथे कोण होते, हे सांगायला हवं. आमच्या गावात सभासदांच्या वर्गणीवर चालणारं छोटं वाचनालय आहे. दोन खोल्या, वर गच्ची. मी तिथे सहायक होते. पुस्तकांची देवघेव, कपाटं, चाव्या. झाडणारी आली नाही तर झाडलोटही. मला याद्या करायची सवय आहे. कोणत्या कपाटाची बिजागरी सैल, कोणत्या आजोबांना मोठ्या अक्षरांचं पुस्तक लागतं, पंख्यात तेल कधी घातलं, सगळं लिहिलेलं. त्यामुळे समितीला माझी गरज होती. "बाई आहेत म्हणून चाललंय," असं कार्यवाह सर सगळ्यांसमोर म्हणायचे. सर निवृत्त शिक्षक. त्यांचे वडील शिक्षक, आजोबाही. अध्यक्ष मोठे बागायतदार. सुमनवहिनी त्यांची पत्नी.

वहिनी आणि मी शाळेत एका वर्गात होतो. ती मला 'अगं' म्हणते. मी तिला 'अहो वहिनी'. हे कोणी ठरवलं नाही. ठरलेलंच होतं.

त्या शाळेत पुस्तकांची एक पेटी होती. शनिवारी गुरुजी ती उघडायचे. बाकीची मुलं पुस्तक घरी न्यायची. मला सांगायचे, "तू हितंच वाच. तुमच्यात पुस्तक टिकत न्हाई." मी तिथेच वाचायचे, शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत. शेवटची पानं राहिली तर आठवडाभर शेवट मनाने रचायचा. हे ऐकून एक पाहुणे वक्ते मला म्हणाले होते, बघा, त्यातूनच तुमची कल्पनाशक्ती वाढली. त्या गृहस्थांना मला एकदा शेवटची पानं फाडलेलं पुस्तक भेट द्यायचं आहे.

म्हणून यंदा मुलांसाठी उन्हाळी उपक्रम ठरला, तेव्हा वस्तीतल्या मुलांना मी सभासद केलं. घरोघर फिरून. समितीने हरकत घेतली नाही. सरकारी तपासणीला बालसभासद दाखवावे लागतात. कागदावर आमची मुलं सगळ्यांना चालतात.

सकाळी गोष्ट वाचायची, मग चित्रं, मग पुस्तक बदलून घरी. सुट्टीच्या शेवटी खर्ड्याच्या किल्ल्यावर सहल. नियोजन माझं होतं. उद्घाटनाच्या फोटोत वहिनी होत्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोटोची मला हौस नाही.

पुस्तकांना ऊन दाखवायची पद्धत आमच्याकडे जुनी. पावसाळ्याआधी एकेक कपाट रिकामं करायचं, पुस्तकं गच्चीवर मांडायची, कसर झटकायची, परत लावायची. सगळी पुस्तकं. कोणी वाचली, कोणाच्या घरी राहिली, हे त्यात नसायचं. मला ते काम आवडायचं. वहिनींनी त्यातूनच हे नवीन काम काढलं. वस्तीतल्या मुलांनी परत केलेली पुस्तकं तेवढी रोजच्या रोज उन्हात. मळ्यातून भाजीचा क्रेट आणला. त्याच्यावर जाड मार्करने लिहिलं, 'ऊन'.

जात कुणी उच्चारली नाही. हल्ली कुणी उच्चारत नाही. हल्ली दमट म्हणतात.

तो क्रेट उचलून गच्चीवर मीच नेला. ते माझं काम होतं. लोखंडी जिना तापलेला, कठड्याला हात लागत नव्हता. वर आरोहीचं पुस्तक उघडून ठेवलं. पानं चाळून पाहिली. डाग नाही, दुमडलेला कोपरा नाही. खूण म्हणून तिने बसचं तिकीट घातलं होतं, तेही सरळ.

घरी जेवताना भाऊ हसला. त्याचा टेम्पो आहे, दिवसभर गावातल्या बातम्या त्याच्याकडे येतात. "काय गं ताई, पापड-कुरडया सोडून तुमची मान्सं आता पुस्तकं वाळवाया लागली व्हय?"

आई म्हणाली, "तू गप. तिची नोकरी हाय तिथं."

नोकरी हाय तिथं. मीही मनात तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना विचारलं. सरळ, हळू आवाजात. "वहिनी, ऊनच दाखवायचं तर सगळ्यांच्याच पुस्तकांना दाखवू या का?"

त्या हसल्या. "अगं, सगळ्यांची कशाला? उगं काम वाढवून घेतेस. तुला कळतंय ना मी काय म्हणते ते?"

कळत होतं. सर तिथेच पेपर वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "ताणू नका, बाई. मुलांचा उपक्रम आहे."

मी ताणलं नाही.

पुढच्या आठवड्यात आरोही सगळ्यांच्या आधी येऊन रांगेत पहिली उभी राहिली. पुस्तक आईच्या धुतलेल्या ओढणीत गुंडाळलेलं. हातांना साबणाचा वास. ओढणी सोडून पुस्तक तिने काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, मी याला ऊन दाखवून आणलंय. काल दिवसभर पत्र्यावर ठेवलं हुतं. आता कपाटात ठेवतील ना?"

पुठ्ठा वाकून वाटीसारखा झाला होता. कव्हरचं प्लॅस्टिक आक्रसलं होतं. पाठीचा डिंक सुटून पानांचा एक जुडगा बाहेर आला होता.

वहिनींनी ते उचललं. या वेळी अख्ख्या हाताने. रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "बघा. म्हणूनच मी म्हणत होते. यांना पुस्तक दिलं की असं होतं." मग आरोहीला म्हणाल्या, "काय गं, चुलीपाशी ठेवलं होतंस का?"

रांगेतलं एक पोर हसलं. मग सगळी हसली.

आरोही रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं आत्या काउंटरच्या आत असते, आत्या सांगेल.

वहिनींचा राग मला नंतर आला. त्या क्षणी दुसरंच काही दिसलं. या पोरीने ते खरं मानलं होतं. आपल्या हाताला, आपल्या घराला काहीतरी लागलेलं आहे. ते आपणच काढायचं, आणि काढलं की मग आपल्याला आत घेतात. तिला कुणी शिवी दिली नव्हती, हाकललं नव्हतं. एक भाजीचा क्रेट पुरला. मला हे शिकायला सगळी शाळा लागली होती. तिला एक सुट्टीसुद्धा लागली नाही.

आणि मी तरी वेगळं काय करत आले? इस्त्रीची साडी. सगळ्यांच्या आधी हजर. एकही चूक होऊ द्यायची नाही, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. माझं नीटनेटकेपण सगळ्यांना कौतुकाचं वाटायचं. मलाही. त्या सकाळी कळलं की मी पन्नाशीपर्यंत स्वतःला पत्र्यावर वाळत घातलं होतं.

मी वहिनींच्या हातातून पुस्तक घेतलं.

"चुलीपाशी नाही. उन्हात ठेवलं होतं तिने. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"अगं, मी असं कधी सांगितलं?"

"मग हा क्रेट कशाला आहे?"

"तुला माहितेय कशाला."

"मला माहितेय. तुम्ही सांगा. मुलं उभी आहेत, त्यांनाही कळू दे."

सर आतल्या खोलीतून आले. नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही तर समजूतदार आहात."

"समजूतदार नाही, सर. मी पगारी होते."

मी क्रेट टेबलावर उपडा केला. त्यातली आदल्या दिवशीची पुस्तकं एकेक करून कपाटात लावली. सुटलेली पानं आत सारून आरोहीचंही लावलं.

"ते फाटकं कशाला कपाटात?" वहिनी म्हणाल्या.

"याहून फाटकी आहेत इथं. ती कुणी फाडली, आपण विचारत नाही."

रिकामा क्रेट मी बाहेर पायरीवर नेऊन ठेवला. परत आले तेव्हा आरोही गेली होती. ओढणी काउंटरवरच राहिली होती.

संध्याकाळी समिती बसली. मला बोलावलं नाही. निरोप सरांनी आणला. "माफी मागा, असं कुणी म्हणत नाही. फक्त काही दिवस काउंटरवर नको. आत बसून पुस्तकांना कव्हरं घाला. वातावरण निवळेल."

आत बसून. मी चाव्या टेबलावर ठेवल्या. कोणती कुठली, हे प्रत्येकीला चिठ्ठी बांधून लिहिलेलंच होतं. सर म्हणाले, "विचार करा, बाई. या वयात दुसरं काम..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. आता मी एका खताच्या दुकानात बिलं करते. काम मिळालं. पगार कमी आहे.

नोकरीवर लाथ मारली, शाबास, असं काही जण म्हणाले. शाबास म्हणण्यासारखं काही झालेलं नाही. क्रेट परत आत गेला. वस्तीतली मुलं एकेक करून यायची थांबली. आया म्हणाल्या, कशाला जायचं तिथं, पोरांचा पानउतारा करून घ्यायला. खर्ड्याची सहल गेली. किल्ल्याच्या तटावर ओळीने उभ्या मुलांचा फोटो ग्रुपवर आला. त्यात आमचं एकही मूल नव्हतं. खाली सरांनी लिहिलं होतं, 'वाचनसंस्कृतीचे शिलेदार'.

आरोहीला मी म्हटलं, माझ्या कार्डावर पुस्तक आणून देते. ती मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली, "मला नको. मला न्हाई आवडत वाचायला."

हे खोटं आहे. ती टँकरच्या रांगेत उभ्याने वाचायची. पण मी तिला खोटं पाडलं नाही. तिने स्वतःला वाचवायला जे धरलंय ते मी कशाला सोडवू? त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे अजून काही नाही.

एक गोष्ट मात्र समितीच्या ध्यानात राहिली नाही. नोकरीला लागण्याच्या आधीपासून मी त्या वाचनालयाची सभासद आहे. नोकराला आतल्या खोलीत बसवता येतं. सभासदाला नाही. सभासदाला वार्षिक सभेत मत असतं, आणि समिती तिथेच निवडली जाते.

तर मी जाते. दुकान सुटलं की रोज. काउंटरवर आता एक नवीन मुलगी आहे, भली आहे, नजर वर करत नाही. पहिल्या दिवशी मी पुस्तक परत केलं तेव्हा सवयीने तिचा हात क्रेटकडे गेला. मी म्हटलं, "कपाटात ठेव. मी थांबते." तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, सरका की. आमाला बी काम हायेत." मी सरकले नाही. तिने पुस्तक कपाटात ठेवलं. मग मी बाजूला झाले, पंख्याखालच्या टेबलाशी बसले आणि बंद व्हायच्या वेळेपर्यंत वाचलं.

आणि मी पुन्हा घरोघर फिरते आहे. या वेळी मुलांसाठी नाही. मुलांना मत नसतं. मोठ्यांना सभासद करते आहे. बाया, गडी, म्हातारी माणसं. सभासदत्व सर्वांना खुलं, अशी पाटी दारावरच आहे, सरांच्या सुरेख अक्षरात. समितीला नाही म्हणता येणार नाही. म्हटलं तर लेखी द्या म्हणेन.

पहिला अर्ज भावाचा भरला. तो म्हणाला, "आगं ताई, मला कुठं वाचाया येळ हाय?"

"वाचू नको. सभेच्या दिवशी टेम्पो घेऊन वस्तीत उभा राहा. सगळ्यांना ने आणि हात वर कर."

तो हसायला लागला. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला आणि सही केली. आईने अंगठा दिला. नोकरीचं नाव काढलं नाही तिने.

आरोहीला मी गोड बोलून तिथे नेणार नाही. तो क्रेट तिथे आहे तोवर तिने जाऊ नये, हे माझंही मत आहे. क्रेट पायरीवर ठेवून काही होत नाही, तो पुन्हा आत येतो. तो आत आणणारे हात समितीच्या खुर्च्यांवरून उठवावे लागतील. परवा सरांनी निरोप पाठवला, वहिनी दोन शब्द बोलायला तयार आहेत, झालं गेलं विसरू या. मी सांगितलं, त्रास घेऊ नका.

मला माफी नको. मला बहुमत पाहिजे.