पाठीमागचा केर

"रिपोर्ट खंय?" असं म्हणून काका टेबलावर दोन बोटं टकटकवायचे. ये नाही, बस नाही. कोणीही पडवीत पाय ठेवला की आधी रिपोर्ट. दूधवाल्याने म्हैस किती वाजता पिळली, पोस्टमन वाटेत कुठे रेंगाळला, मी वायर कुठून कुठे नेली, सगळ्याचा हिशेब तोंडी द्यायचा. सांगणं अर्धवट वाटलं की बोटं थांबायची, आणि बोटं थांबली की समोरच्याची बोबडी वळायची. असा एखादा माणूस तुमच्याही वाडीत असेल. नसेल तर सुखी आहात.

ते जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. मोर्सच्या टकटकीतून अर्ध्या जगाशी बोललेला माणूस. पन्नाशीही आली नव्हती, तेव्हा कंपनीने जहाजावर आपोआप संदेश धाडणारं यंत्र बसवलं. "मशीन इला आणि माका धक्क्यार उतरवल्यानी," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. लग्न केलेलं नव्हतं. धाकटी बहीण विधवा होऊन आधीच माहेरी आली होती. तिला सगळे आक्का म्हणत. विजयदुर्गच्या खाडीकडे तोंड केलेल्या त्या घरात ही दोघं पंचवीस-तीस वर्षं राहिली, आणि तेवढी वर्षं आक्काने रिपोर्ट दिला.

माझं दुकान तिठ्यावर. इन्व्हर्टर, कॅमेरे, वायफाय. त्यांच्याकडचं माझं पहिलं काम साध्या बेलचं होतं. मी जोडलेली वायर त्यांनी माझ्यादेखत कात्रीने कापली आणि म्हणाले, "परत जोड." तीनदा कापली. चौथ्यांदा भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "बरा." मला राग यायला हवा होता. पण मी घरी जाऊन नवऱ्याला ते 'बरा' दोनदा सांगितलं. माझ्या डिप्लोमाला आजवर कोणी एवढाही भाव दिला नव्हता.

पुढे त्यांना नाद लागला, घरातली एकूण एक वस्तू बोलती करायचा. पाण्याच्या टाकीने भरल्याचं कळवायचं, फाटकाने उघडल्याचं कळवायचं. त्यासाठी आम्ही माजघरात काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा एक संगणक बसवला. प्रत्येक वस्तू आपल्या नावाने त्याच्याकडे निरोप टाकते, आणि तो निरोप ज्याला हवा त्याला तो पोचवतो. काका त्या डबीला पोस्टमास्तर म्हणत. सगळे निरोप शेवटी त्यांच्या मोबाईलवर यायचे.

मग त्यांनी केर काढणारा रोबो मागवला. आक्काचे गुडघे दुखतात म्हणून, असं त्यांनी वाडीत सांगितलं. लोक म्हणाले, बघा, जीभ कडू असली तरी माया आहे. मीही म्हटलं.

तो रोबो महाहट्टी निघाला. आपल्या कंपनीच्या ॲपशिवाय कोणाशी बोलायला तयार नाही. त्याला पोस्टमास्तराशी जोडायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी पडद्यावर पहिला निरोप उमटला, 'चाक अडकले'. तो उंबऱ्यावर पोट टेकून घरघरत होता, आणि पंचाहत्तर वर्षांचे काका टाळ्या वाजवत होते. "माझी भाषा समजणारी तू एकटीच आसस गो," ते म्हणाले. त्या वाक्यासाठी मी पुढे काय काय केलं ते आता सांगते.

यंत्र कधी सुरू करायचं, असा प्रश्न आला. मीच म्हटलं, घरातलं माणूस बाहेर पडलं की सुरू करू. ज्याचा मोबाईल घराच्या वायफायच्या बाहेर गेला, त्याच्यामागे दोन मिनिटांनी यंत्र केर काढेल. पायात कोणी येणार नाही. मी शिकले त्या व्हिडिओत सगळे तसंच करत होते.

काकांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू हसले. "बरा," ते म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडलं की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. तसा केर मयत उचलल्यावर काढतात. माझी आई मी शाळेत पोचेपर्यंत झाडूला हात लावू देत नसे, आणि मी ते साफ विसरले होते. ते विसरले नव्हते.

आक्काची एकच लेक, खारेपाटणला दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी आक्का तिच्याकडे जायची. नियम लावल्यानंतर ती पहिल्यांदा निघाली तेव्हा मी पडवीत स्क्रू पिळत होते. ती फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभी होती, तोच आत यंत्र घुं करून सुटलं. आक्का पिशवीसकट परत आली. "दादा, माका पोचाक तरी दी रे."

"तू गेलंस म्हणान रिपोर्ट इलो. आता परत कित्याक इलंस?" काका मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या दुकानात आली. खारेपाटणहून परतताना मुद्दाम तिठ्यावर उतरली होती. स्टुलावर बसून ती सांगू लागली. दादा बोटीवर जायला निघाला की त्याची पोचल्याची तार येईपर्यंत ती घरात केर काढू देत नसे. पोर होती तेव्हा. एकदा तार यायला बारा दिवस लागले. घरात पायाखाली माती करकरायला लागली, आईने त्याच झाडूने तिला बडवली, तरी तिने झाडू दिला नाही. एवढं सांगून म्हणाली, "ता माझ्या पाठसून केर काढता, तेवढा बंद कर गो. बाकी माका काय नको."

एका ओळीचं काम होतं. दुकानात बसल्या बसल्या झालं असतं. पण काकांना न विचारता हात लावायची माझी छाती नव्हती. मी विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी जातो तेव्हा माझ्या मागेही तो केर काढतोच, मग मी मेलो का? आणि मग म्हणाले की यंत्र मुकं आहे म्हणून ती घाबरते, त्याला आवाज देऊया. पडवीत स्पीकर लावायचा आणि माझा आवाज भरायचा. मी भरला. शुद्ध मराठीत, रेडिओवर बोलतात तसा. "आक्का बाहेर गेल्या. केर काढायला घेते." तसंच त्यांच्यासाठी, "काका बाहेर गेले. केर काढायला घेते." आणि शेवटी, "केर पूर्ण झाला."

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही, कारण मला आणखी एक 'बरा' हवं होतं. मिळालं. आक्का दारात उभी राहून ऐकत होती. "तुझो आवाज बरो आसा गो," ती म्हणाली आणि आत गेली.

काका रोज संध्याकाळी जेटीवर फिरायला जात. ते फाटकाबाहेर गेले की माझा आवाज त्यांचं जाणं जाहीर करायचा, आणि लगेच आक्का येऊन पायाच्या अंगठ्याने यंत्राचं बटण दाबायची. रोज. जेटीवर काकांच्या मोबाईलवर निरोप यायचा, 'थांबवले'. ते तणतणत घरी यायचे. "कोणी थांबवल्यान?"

"मी."

"कित्याक?"

"तू परत येवक होयो म्हणान."

ते शिव्या द्यायचे, ती चहा द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं हा त्या दोघांचा खेळ आहे. मी दुकानात गिऱ्हाइकांना रंगवून सांगायची, आणि लोक हसायचे. पण आक्का जायची तेव्हा ते बटण कोणीच दाबत नसे, हे मी कोणाला सांगितलं नाही.

यंदा लेकीचं ऑपरेशन झालं म्हणून आक्का आठ दिवस खारेपाटणला राहिली. परत आली त्या दिवशी मी इन्व्हर्टर बघायला गेले होते. ती पायऱ्या चढत होती, गुडघ्यावर हात ठेवून. काका दारात. लेकीचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. "परत कशी इलंस? तुझो केर काढून झालो होतो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी हसले. खोटं कशाला सांगू, हसले.

आक्काने पिशवी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या संध्याकाळी काका जेटीवर गेले तेव्हाही तिने नेहमीसारखं बटण दाबलंच. म्हणून मला पुढच्याची काही कल्पना आली नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. इन्व्हर्टरची नवी बॅटरी घेऊन मी तिथेच होते. ॲम्ब्युलन्स आली. शेजारचा बाबल रिक्षावाला त्यांच्यासोबत बसला. आक्काने मागून कागदपत्रं आणि कपडे घेऊन यायचं, मी तिला स्कूटरवर बसवायचं, असं ठरलं. स्ट्रेचरवरही मोबाईल त्यांनी मुठीत धरलेला. गाडी फाटकाबाहेर पडली. मी आणि आक्का पडवीत उभ्या राहिलो.

दोन मिनिटांनी माझा आवाज आला. "काका बाहेर गेले. केर काढायला घेते."

यंत्र आपल्या जागेवरून निघालं. मी धावले, बटणावर पाय ठेवणार एवढ्यात आक्का म्हणाली, "थांब. काढू दी तेका."

तिने खुर्ची ओढली, बसली आणि यंत्राला वाट मिळावी म्हणून दोन्ही पाय वर घेतले. त्या दुखऱ्या गुडघ्यांसकट. यंत्र त्यांच्या खोलीत गेलं, खाटेखाली फिरलं, त्यांच्या चपलांशी अडखळून वळलं. मी म्हटलं, आक्का, कागद शोधूया. माझा पाय त्या बटणापासून हातभर लांब होता. तो पुढे गेला नाही. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघी त्या यंत्राकडे बघत होतो. मग स्पीकरमधून मीच सांगितलं, "केर पूर्ण झाला." तेव्हा आक्का उठली आणि कपाटातून त्यांचे कपडे काढू लागली.

कपडे लागले नाहीत. वाटेत, तळेरे गाव यायच्या आधीच ते गेले.

तिसऱ्या दिवशी बाबल दुकानात येऊन बसला आणि त्याने गाडीतलं सांगितलं. काकांनी दुखण्याचं अवाक्षर काढलं नाही. मोबाईल डोळ्यांसमोर धरून पडले होते. केर सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा चक्क हसले. "आता थांबवतली बघ," बाबलला म्हणाले. पडल्या पडल्या दोन बोटं स्ट्रेचरच्या दांडीवर टकटकत होती. थोड्या वेळाने, "रिपोर्ट इलो?" मग पुन्हा, "थांबवल्यान काय रे?" पुढे त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा मोबाईल बाबलच्या हातात दिला. तेवढ्यात तो वाजला. बाबलने जे होतं ते वाचलं. "केर पूर्ण."

"मग काय बोलले?" मी विचारलं.

"काय नाय. बोटां थांबली," बाबल म्हणाला.

तेराव्यानंतर आक्काने मला बोलावलं. सगळं काढून न्यायला सांगितलं. मी स्पीकर काढला, पोस्टमास्तर काढला, यंत्र खोक्यात भरलं. माझा आवाज पुसून टाकला. ती उंबऱ्याशी बसून बघत होती. टेबलावर दोन बोटांच्या जागी पॉलिश उडालं होतं, तिथे तिने पाण्याचा तांब्या ठेवला होता.

"तेका कळला?" तिने विचारलं.

"होय, आक्का."

"बाबल म्हणता ता खरा? तो वाट बघत होतो?"

मी मान हलवली. मला वाटलं आता ती रडेल. तिने मला चहा करून दिला, साखर बरोबर माझ्यापुरती घातलेली. मी तो प्यायले, खोकं उचललं आणि "येते हां, आक्का," असं म्हणून पायऱ्या उतरले.

अंगणाचं खळं ओलांडून मी अजून फाटकापर्यंत पोचले नव्हते, तोच मागून झाडूचा आवाज आला.