भंडाऱ्यानं दाखवलेल्या भेगा

देवाला निघालेल्या माणसानं वाटेत वाईट बोलू नये, असं आमच्या घरी पक्कं आहे. पाय दुखला तरी दुखतो म्हणायचं नाही, गाडी रखडली तरी रखडली म्हणायचं नाही. लग्न होऊन तासगावच्या बाजूला या घरात आले तेव्हापासून मी हे पाळत आले. म्हणूनच पालच्या खंडोबाला जाताना ट्रॉलीच्या चाकाला मला भेगा दिसल्या, तेव्हा पहिली पंचाईत हीच झाली की हे बोलायचं कसं? आणि गप्प बसावं तर कुणाच्या भरवशावर? देव आहे याची मला कधी शंका आली नाही. पण तो या घटकेला आमच्या ट्रॉलीकडं बघतोय का, याची मात्र त्या दिवशी वाटभर शंका होती.

आमच्या सुनेला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, अंगारे झाले, नातलगांचे टोमणे झाले. शेवटी मी खंडोबाला बोलले, की घरात पाळणा हलू दे, तुझ्या लग्नात अक्षता पडताना बाळ तुझ्या पायावर आणून घालीन. पालला पौषात खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं, दिवस मावळायच्या बेताला. नात झाली, ती नुकतीच मान धरायला लागली होती, आणि लग्नाचा दिवस आला. मुलगा द्राक्षबागेच्या फवारणीत अडकलेला. तेव्हा ट्रॅक्टर आमचे मालक चालवणार, ट्रॉलीत मी, सून, नात आणि भावकीतल्या बायका, असं ठरलं.

ट्रॉली उसाची. हंगामात तिला विसावा नसतो. आदल्या दिवशी भरून कारखान्यावर गेली ती तिथल्या रांगेतच अडकली आणि निघायच्या दिवशी उन्हं चांगली वर आल्यावर घरी परतली. पहाटे निघायचं ते दुपारवर गेलं. मालकांनी पाचट झाडून घेतलं, तळाला कडबा आणि वर सतरंज्या टाकल्या, आणि चला म्हणाले. चाकांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. आमच्याकडं ट्रॉलीला नवं टायर कुणी घालतच नाही. ट्रकवरनं उतरलेलं जुनं टायर आणायचं, त्यावर नवी नक्षी चढवून घ्यायची, आणि वर म्हणायचं, ट्रॉलीला काय कुठं पळायचंय? दसऱ्याला पूजा करताना त्याच टायरांना जळकं ऑइल पुसायचं, की ती काळीभोर नव्यासारखी दिसतात. स्टेपनी म्हणून काही नसतंच.

निघताना आम्ही बायकांनी ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चारी बाजूंनी मूठमूठ भंडारा उधळला. मी ट्रॉलीच्या डाव्या चाकावर जरा जास्तच उधळला, कारण सून पोरीला घेऊन त्याच अंगाला टेकून बसली होती. येळकोट येळकोट जय मल्हार झालं आणि आम्ही सुटलो.

पहिल्यांदा थांबलो ते पलूसच्या पुढं, पाणी प्यायला. मी खाली उतरले आणि सहज चाकाकडं बघितलं. वाऱ्यानं वरवरचा भंडारा उडून गेला होता, पण टायरच्या कुशीत, बाजूच्या रबरावर, पिवळ्या रेघाच रेघा उठल्या होत्या. आडव्या, उभ्या, एकमेकींत शिरलेल्या. उन्हाळ्यात आमच्या तळ्याचा तळ दिसतो तशा. ऑइलच्या काळ्या रंगात ज्या भेगा दसऱ्यापासून कुणाला दिसल्या नव्हत्या, त्यांच्यात हळद जाऊन बसली होती. मी बोट लावलं तर नख आत गेलं.

मग रीत बाजूला ठेवून मी बोललेच. "आवं, डाव्या चाकाला भेगा पडल्यात. जरा बघता का?"

"भेगा माझ्या टाचंला बी हायत. मी चालतोय न्हवं?" मालक म्हणाले. बायका हसल्या. मालक फौजेत ड्रायव्हर होते, गाडीच्या बाबतीत त्यांना कुणी सांगितलेलं खपत नाही. त्यांनी टायरला लाथ मारून बघितली. "नक्षी बघ की, नखभर खोल हाय! ह्याच्यापरास गुळगुळीत टायरवर आमी बरफात गाड्या घातल्यात. फिकर नॉट. आन् देवाला निघालीस तर तोंडानं असलं काढू नगंस."

नक्षी नवी होतीच हो. पण जुन्या लुगड्याला नवे काठ लावले म्हणून लुगडं नवं होतं का? हे मी मनात म्हटलं. त्यांना म्हटलं असतं तर तिथंच भांडण जुंपलं असतं, आणि अक्षतांची वेळ तर चुकवून चालणार नव्हतं. मी सुनेला म्हटलं, तिकडं ऊन लागतंय पोरीला, तू उजवीकडं बस. ती सरकली. पण तिची रिकामी जागा बघून आमची थोरली जाऊ तिथं येऊन टेकली, तिची कंबर धरलेली होती म्हणून. आता हिला काय सांगून उठवू? माझी नात वाचावी आणि जाऊ जावी, असं कसं म्हणू? शेवटी मला गार वारं हवं म्हणून तिला उठवलं आणि त्या चाकावर मीच बसले.

त्यानंतरची वाट मी कशी काढली ते माझं मला माहीत. खालून चाकाचा आवाज फळीतून थेट पाठीत येत होता. मधूनच एक ठोका चुकल्यासारखा यायचा, धब्, मग सरळ, मग पुन्हा धब्. रबर तापल्याचा वास येत होता, तो फक्त मलाच येत होता की काय कोण जाणे. बायका गाणी म्हणत होत्या. मी तोंड हलवत होते, पण मनात एकच चाललेलं, मल्हारी, पोर तू दिलीस, आता वाटेत घेऊ नकोस. चाक फुटलं तर ट्रॉली एका अंगावर जाते आणि आतली माणसं पोत्यासारखी फेकली जातात, हे उसाच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. मलकापूरपाशी हमरस्त्याला लागलो तेव्हा तर जीव मुठीत धरूनच बसले. मागून कंटेनर यायचे, ट्रॉली हेलकावे खायची, आणि मी सुनेला पुन्हा पुन्हा सांगायची, पोरीला घट्ट धर. ती बिचारी म्हणाली, "आत्या, धरलीया की. तुमी अशा का बघताय?"

कराडच्या पुढं एका म्हातारीनं हात केला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, कपाळावर भंडारा. देवाला निघालेल्या माणसाला वाटेत टाकून जायचं नसतं, म्हणून मालकांनी थांबून तिला घेतलं. जतकडची धनगरीण होती, मेंढरं चारायला मुलांबरोबर इकडं आलेली. ती माझ्याच शेजारी बसली. मी खाली वाकून चाक बघून घेतलं. भेगांच्या मधोमध आता लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

"आवं, थांबा! टायर फुगलंय!" मी ओरडले.

ट्रॅक्टरच्या आवाजात मालकांना अर्धंच ऐकू गेलं असावं. त्यांनी मान न वळवताच हात उडवला. सूर्य खाली निघाला होता. थांबले असते तरी दुसरं टायर आणायचं कुठून? तेव्हा मी डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, मी सांगून बघितलं, ओरडून बघितलं, चाकावर बसूनही बघितलं. माझ्या हातचं सगळं संपलं. आता तूच काय ते कर. असं म्हटल्यावर भीती गेली म्हणेन तर ते खोटं. भीती होती तशीच होती. पण ती एकटीनं धरून बसायची गरज संपली.

हमरस्ता सोडून पालच्या रस्त्याला ट्रॉली वळली, तोच म्हातारीनं काठीनं फळी बडवली. "थांबीव रं बाबा. हितनं पुढं मी पायानं जातोय."

मालक वैतागले. "आज्जे, उशीर झालाय. बस गप."

"उशीर तुला झालाय. देवाच्या वाटंला लागलं की आमी चाकावर बसत न्हाई. माझ्या सासूनं घालून दिलंय ते." ती उतरली आणि सुनेच्या मांडीवरच्या पोरीकडं बघून मला म्हणाली, "हिचा नवस हाय न्हवं, अक्का? मग पैल्या खेपंला पोर माणसाच्या खांद्यावरनं न्यावं बगा. यव्वा, चाकावरनं कुटं नेतात?"

मी उठले. पोरीला घेतलं, सुनेला म्हटलं, उतर. मालक सीटवरून वळून ओरडले, "खुळी झालीस का? चालत गेलीस तर अक्षता चुकत्यात! नवस कुणी बोलला हुता?"

"मीच बोलले."

"मग?"

"मग मीच चालत निघाले."

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना चारचौघांत असं कधी उलटून बोलले नव्हते. नवसाचं बाळ पायी निघाल्यावर बाकीच्या बायकांनाही वर बसवेना. कुरकुरत, पिशव्या वरच ठेवून सगळ्या उतरल्या. मी पुढं होऊन मालकांना म्हटलं, तुम्हीही उतरा, ट्रॉली इथंच राहू दे. त्यांचा रागानं चेहरा लाल झालेला. "चाला, समद्या चाला! मी म्होरं जाऊन जागा धरतो," म्हणाले, आणि रिकामी ट्रॉली घेऊन नको तेवढ्या वेगानं निघून गेले.

वळणाआड ट्रॅक्टर दिसेनासा झाला. आम्ही शंभरेक पावलं चाललो असू, तोच सुरुंग उडावा तसा आवाज झाला. झाडांवरचे बगळे एकदम उठले. पोर दचकून किंचाळली. त्यामागून लोखंड घासत गेल्याचा लांबलचक आवाज आला, आणि मग काहीच नाही. ती शांतता मला अजून आठवते. मी पोरीला सुनेच्या हातात दिलं आणि पळत सुटले. पायात चपला होत्या की नाही, ठाऊक नाही. पळताना मी देवाचं नाव घेत नव्हते. नवऱ्याला हाका मारत होते, आणि त्यासुद्धा नावानं. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

पुढं ओढ्यावर मोरी होती. ट्रॉली आकड्यातून निखळून, मोरीचा कठडा तोडून, कोलांटी खाऊन ओढ्यात उजव्या अंगावर पडली होती, तिची वरची चाकं अजून फिरत होती. ट्रॅक्टर रस्त्यावरच, तिरका, पुढचं एक चाक हवेत. धुळीत मालक दिसेनात. मग दिसले. स्टेअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते. मी हलवलं तेव्हा माझ्याकडं बघितलं. कपाळाला खोक पडली होती, बाकी काही नाही. त्यांची बोटं एकेक करून मी सोडवली.

ओढ्यात उतरून बघितलं तेव्हा टायरच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या, आतल्या तारा बाहेर आलेल्या. मी जिथं बसले होते तिथली फळी वर फाटली होती. आणि जिथं सून पोरीला घेऊन बसली होती, ती उजवी बाजू दगडांवर चेपून सपाट झाली होती. माझ्या शहाणपणानं मी तिला तिकडं हलवलं होतं. मी वर आले तोवर सून, म्हातारी आणि बाकीच्या बायका येऊन पोचल्या होत्या.

मागून दुसऱ्या गावची ट्रॉली आली. माणसं भली होती. "बसा आमच्यात, लगीन गाठून देतो," म्हणाली. आमच्यातलं कुणी हलेना. मालक मात्र उठले, आणि डोक्याला माझा पदर फाडून बांधलेली पट्टी, तशात त्या परक्या ट्रॉलीच्या प्रत्येक चाकापाशी ओणवे होऊन टायरच्या कुशीवरनं हात फिरवू लागले. ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मालकांनी एका चाकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये बदला रं गड्यांनो. नक्षी बघू नगा, हितं बघा." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "आपून चालत जाऊ." एवढ्यात पालच्या बाजूनं लोकांचा मोठा गजर उठला आणि फटाके वाजले. देवाचं लग्न लागलं होतं. माझा नवस चुकला होता.

मला रडू आवरेना. म्हातारी शेजारीच होती. गावी गेल्यावर बायका म्हणाल्या, ती खंडोबाची धनगरीण बायको, बानाईच असणार. असेल. पण बानाईचे गुडघे दुखतात का, आणि माझ्या भाकरीवरचा ठेचा खाऊन ती "यव्वा, किती तिखट" म्हणून पाणी मागते का, हे मला सांगता येत नाही. कुणाच्या तोंडून बोलायचं हे देव ठरवतो, एवढं मी मानते. मालक तिच्यापुढं हात जोडून म्हणाले, "आज्जे, आमच्यापायी तुझ्याबी अक्षता चुकल्या."

ती म्हणाली, "लगीन दरसाल लागतंय रं बाबा. पोर येकच हाय तुमची."

देवळात पोचलो तेव्हा दिवे लागले होते, पायऱ्यांवर भंडारा आणि अक्षता तुडवल्या गेल्या होत्या. मालकांनी पोरीला खांद्यावरून काढून देवाच्या पायावर ठेवलं. वेळ चुकल्याची क्षमा मागायला मी वाकले, पण मला क्षमेचे शब्दच सुचले नाहीत. देवाच्या हवाली करणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्यानं तर मला डोळे उघडून बघायला लावलं होतं, आणि बघूनही मी पोरीला चुकीच्याच जागी बसवलं, तेव्हा पुढचं त्यानं आपल्या हातात घेतलं होतं. पुजाऱ्यानं पोरीच्या कपाळाला भंडारा लावून मला विचारलं, "आनखी काय मागायचं हाय का, मावशी?"

मी मागं वळून बघितलं. सून होती. जाऊ होती, बायका होत्या. डोक्याला पट्टी बांधून मालक उभे होते. सगळी होती.

"न्हाई," मी म्हटलं.