जळगावात केळी मिळाली नाहीत

काल स्कूटरची डिकी उघडली, तर विसरलेल्या केळ्यांचा गोडसर वास आला आणि माझी मान आपोआप खाली गेली.

आमच्या जळगावचा पगारी खेळाडूंचा बास्केटबॉल संघ काही वर्षांपूर्वी सतत हरायचा. मी त्याचा पक्का चाहता. मध्यंतराला खेळाडूंना केळ्यांची फणी नेऊन देणं हा माझा नेम. त्या दिवशी मात्र आम्ही तीस गुणांनी मागे होतो, आणि पाहुण्या संघाच्या ताडमाड खेळाडूसोबत फोटो मिळावा म्हणून मी अख्खी फणी त्यांनाच देऊन बसलो.

घामाने निथळत आमचा कप्तान सलीमभाई आला आणि सवयीने हात पुढे केला. "भाऊ, केळी?"

"बाजारात मिळालीच नाहीत," मी म्हणालो. जळगावच्या बाजारात!

त्याने पाहुण्यांच्या बाकाखालची सालं पाहिली. "होतं असं," म्हणाला आणि नुसतं पाणी पिऊन खेळायला गेला.

पुढच्या सामन्याला फणी त्यानेच आणली. पहिलं केळं माझ्या हातात ठेवलं. "खा भाऊ, हल्ली मिळत नाहीत म्हणे."

सगळ्या संघासमोर मी ते खाल्लं. त्या ताडमाड खेळाडूसोबतचा फोटो अजून आहे. त्यात मी इतका खूश दिसतो की कुणाला दाखवता येत नाही.