एका क्रियापदाचा कुलवृत्तांत

आमच्या रूममेटचा मला जेवढा अभिमान वाटतो, तेवढा माझ्या स्वतःच्या पीएच.डी.चाही कधी वाटला नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, पिस्कॅटवेत आम्ही सगळे कॉम्प्युटरमागे धावत होतो आणि हा पठ्ठ्या एक क्रियापद घेऊन बसला होता. तेही असं, की ज्याचा लेखी पुरावाच नाही. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी पूर्व युरोपातले स्लाव लोक भाजण्याला 'पेक्ती' म्हणत असावेत, एवढाच विद्वानांचा अंदाज. म्हणून त्या शब्दापुढे तारा काढायचा. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन भाषांतले शब्द ही त्याची लेकरं, आणि आपलं 'पक्वान्न' लांबचं भावंड. फ्रिजवर, तांदळाच्या डब्यात, सगळीकडे याची टिपणांची कार्डं. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या पोलिश आजींकडून तो या शब्दाचं पोलिश रूप तासन्‌तास म्हणवून घ्यायचा आणि घरी येऊन हमखास पोळी करपवायचा. मी वैतागलो की म्हणे, "यार, मी भाजण्यावर रिसर्च करतोय, प्रॅक्टिस नाही."

याच्यासाठी त्यानं इंजिनिअरिंग सोडलं होतं. तेव्हापासून साताऱ्याहून दादांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, पत्र येणं बंद झालं होतं. दादा घराण्याच्या कुलवृत्तांताचे संपादक. छापील प्रतीत मुलाच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'शिक्षण अर्धवट.' ते पान हा पाकिटात घेऊन फिरायचा.

एक दिवस त्यानं काय करावं? क्रियापदाची वंशावळ दादांच्याच पद्धतीनं मांडली, मूळपुरुष, शाखा, कोण कुठे स्थायिक, अशी, आणि साताऱ्याला धाडून दिली. तीन महिने काही नाही. मग एक जाड लिफाफा आला. पान न् पान लाल शाईनं तपासलेलं. 'चेक आणि पोलिश सख्खी दिसतात, शेजारी घे. दक्षिणेकडे गेलेल्यांचं मूळ गाव कुठलं? मूळपुरुषाचा पुरावा काय? नुसता तारा काढून भागत नाही.' आणि शेवटी, 'बाकी काम चोख.' हा किचनच्या फरशीवर बसून रडला. मीही रडलो, लपवू कशाला.

प्रबंध पास झाला. पुढे कुलवृत्तांताची नवी आवृत्ती पोस्टानं आली. प्रुफं दादांनीच तपासली होती, पण पुस्तक छापून आलं तेव्हा ते राहिले नव्हते. मुलाच्या नावापुढे आता होतं, 'भाषाशास्त्रज्ञ. एका क्रियापदाचा कुलवृत्तांत लिहिला.' माझी कॉलर ताठ झाली. त्यानं मात्र त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मूळपुरुषाचा पुरावा अजून मिळालेला नाही रे," तो म्हणाला, "आणि आता तो मागायला दादा नाहीत."